थेंबेमास्तर आणि एकशे सत्तावीस

शाळेत पंचवीस वर्षं काढली की पेन्शनच्या आधी माणसाकडे किस्से जमतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. मधल्या सुट्टीत एकजण टाकतो, दुसरा त्याला मीठमसाला लावतो, आणि चार वर्षांनी तो आपल्याच डोळ्यांदेखत घडला अशी सगळ्या स्टाफरूमची खात्री होते. मी इथे सांगतोय ते मात्र माझ्यासमोर घडलेलं. जिथे मी नव्हतो तिथे तसं सांगेन, उगाच कुणाच्या नावावर बिल फाडणार नाही.

आमची सोलापुरातली टेक्निकल शाळा. मी ड्रॉइंग शिकवायचो. ड्रॉइंग म्हणजे नट-बोल्टचं, फुलापानांचं नव्हे. हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. सुतारकामाला नरसय्या होता. त्याच्या घरचे झाडून सगळे मागावर कापड विणणारे, हा एकटाच रंधा धरणारा. पी.टी.ला टेंभुर्णीकडचे बंडगर सर, ज्यांना शिट्टीची गरज कधी पडली नाही. आणि फिटिंगला बिराजदार मास्तर. मूळचे दुधनीचे. घरात कानडी, शाळेत मराठी आणि हत्यारांशी इंग्रजी बोलायचे. पंधरा वर्षं हवाई दलात विमानं दुरुस्त करून आलेले. त्यांना आम्ही थेंबेमास्तर म्हणायचो. का, ते सांगतो, पण आधी पट्टीचा किस्सा.

*

बिराजदारांनी शाळेत आल्या आल्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक मोठी फळी ठोकली आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती पांढऱ्या रंगाने काढून घेतली. काढली मीच. हातोडीच्या जागी हातोडी, कानशीच्या जागी कानस. तास संपला की फळी भरलेली दिसली पाहिजे, एक जागा रिकामी असली तरी दाराला कडी. विमानात पाना विसरला तर वर गेलेला माणूस खाली येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शाळेत विमान नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या लेखी गौण होती.

एका शनिवारी सहा इंची स्टीलपट्टी कमी भरली. शाळा सुटली, घंटा झाली, पोरं आत घामाघूम. बाकांखाली शोधलं, भुशात शोधलं, एकेकाची दप्तरं उलटी झाली. अर्ध्या तासाने हेडमास्तर दार ठोठावत आले. बिराजदारांनी अदबीने दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि पुन्हा कडी घातली.

हेडमास्तर तापले. एका पट्टीसाठी चाळीस पोरं कोंडता म्हणजे काय, पालक माझ्याकडे येतील, वगैरे. बिराजदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, आत आलेला माणूस बी मोजल्याबिगर बाहेर जात न्हाय."

हेडमास्तर रागाने गर्रकन वळले आणि सगळ्या वर्गाला त्यांची पाठ दिसली. पट्टी त्यांच्या कोटाच्या कॉलरमध्ये खोचलेली होती. सकाळी पाठ खाजवायला म्हणून नेली होती, ती तिथेच राहिली. बिराजदारांनी ती हलकेच काढून घेतली, फळीवर लावली आणि कडी काढली. पोरं मैदान ओलांडेपर्यंत कुणी हसलं नाही. पुढे मात्र आठवडाभर दुसरं काही केलं नाही.

*

आता थेंब. हा किस्सा मी पाहिलेला नाही. बिराजदारांनी एकदाच सांगितला, शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर.

पासष्टच्या लढाईनंतरचं वर्ष. ते कुठल्याशा तळावर होते आणि एका लढाऊ जेटची देखभाल त्यांच्याकडे होती. त्या विमानाचा नंबर एकशे सत्तावीस. तिथला रिवाज असा की विमान उडण्याआधी फिटरने त्याच्याभोवती फिरून सगळं तपासायचं आणि फॉर्मवर लिहून सही करायची. ठीक असेल तर ठीक, दोष असेल तर दोष. त्याच्याखाली दुसऱ्या माणसाने स्वतः बघून सही करायची. एका सहीला किंमत नाही. दोन झाल्या की ते खरं.

एका थंडीच्या सकाळी त्यांना उजव्या चाकाच्या वर, पंखाच्या पोटाला तेलाचा एक थेंब लोंबताना दिसला. बोटाने पुसला, तर पाच मिनिटांनी दुसरा. त्यांनी फॉर्मवर लिहिलं की गळती आहे, उडवू नये. सही ठोकली. दुसरी सही करणारे साहेब येईपर्यंत नऊ वाजले, चांगलं ऊन पडलं आणि पंख कोरडा ठणठणीत. साहेबांनी बघितलं, आणखी दोन फिटरांनी बघितलं, इंजिन चालवून बघितलं. टिपूस नाही. बिराजदार सांगत राहिले की उभं राहून गार पडलं की गळतं, तापलं की आतला वायसर फुगतो आणि बंद होतं, तुम्ही पहाटे या. पहाटे कोण येतो? दुसरी सही कुणी केली नाही. शेवटी दुसऱ्याच फिटरच्या सहीने विमान वर गेलं, फिरलं, परत आलं. काही झालं नाही.

तिथून पुढे तळावर त्यांचं नाव 'थेंब' पडलं. मेसमध्ये कुणाचा चहा सांडला की लोक थेंबाला बोलवायचे. बढतीच्या कागदावर शेरा पडला की हा इसम विनाकारण शंका काढतो. कॉर्पोरलचे कॉर्पोरल राहून ते घरी आले.

"विमान सुखरूप आलं, ह्यात मला आनंदच हाय," ते म्हणाले. "पर आता कदी कदी माजं मलाच वाटतंय, दव तर नसंल?"

एवढं ऐकल्यावर मित्र म्हणून आम्ही काय केलं? तेच नाव त्यांना चिकटवलं, मागे 'मास्तर' जोडलं. आज त्याची लाज वाटते. तेव्हा गंमत वाटली. आणि खरं सांगायचं तर थेंबावर माझाही विश्वास नव्हता.

*

बंडगर सरांच्या बहिणीचं लग्न टेंभुर्णीला होतं. सोलापुरातून वऱ्हाडासाठी भाड्याची बस केली होती. सगळे बसले, पेटारे चढले, कुणाची तरी मावशी पुढची सीट धरून बसली, आणि बिराजदार खालीच. बसला त्यांची प्रदक्षिणा चालू होती. टायरला हात लाव, खाली वाक, नट हलवून बघ. मग ते ड्रायव्हरकडे गेले आणि मागच्या डाव्या चाकाचा एक नट ढिला असल्याचं सांगितलं.

ड्रायव्हर म्हणाला, बाकीचे घट्ट हायत की. बिराजदार चढेनात. आतून वऱ्हाड ओरडायला लागलं, अक्षता टळतील म्हणून एक म्हातारी रडायला लागली. बंडगर सरांनी माझ्या कानात सांगितलं की ह्या माणसाला आवतण दिलं हीच चूक झाली. कानात म्हणजे, मागच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.

शेवटी ड्रायव्हर पाना घेऊन आदळआपट करत उतरला. नट आवळायला गेला तर नट त्याच्या हातातच आला, आतले आटे पार गेलेले. त्याने दुसरा बसवला.

लग्न झालं, जेवणं झाली, सगळे परत बसमध्ये बसले. बिराजदारांची खिडकीशी डुलकी लागली होती. बस काही सुटेना. ड्रायव्हर मागे आला, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "मास्तर, उतरा की जरा. तुमी बगितल्याबिगर गाडी काढू वाटंना."

ह्यावरून तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नट हातात धरता येतो, थेंबाचं तसं नाही. आम्ही थेंबेमास्तरच म्हणत राहिलो.

*

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी त्यांना एक पत्र आलं. तळावरचा जुना सोबती उत्तरेत कुठेतरी होता, त्याने कळवलं होतं की एकशे सत्तावीस निवृत्त झालं. दिल्लीजवळ जुन्या लढाऊ विमानांचं म्युझियम आहे, तिथे रंगरंगोटी करून उभं केलंय, लोक सहकुटुंब बघायला येतात.

बिराजदारांनी ते पत्र तीन दिवस खिशात वागवलं. चौथ्या दिवशी दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला जातो म्हणून जाहीर केलं. कशाला, असं आम्ही विचारलं. "सकाळी एकदा बगायचंय," म्हणाले. त्यांच्या बायकोने कानडीत एकच शब्द उच्चारला, हुच्च. म्हणजे वेडा.

एकट्याला कसं सोडणार? मला विमानांची चित्रं काढून काढून खरं विमान बघायची हौस होती. बंडगर सरांना दिल्ली बघायची होती. नरसय्याला विचारलं तर तो म्हणाला तुम्ही तिघं जाताय मग मी इथं काय करू. ठरलं. दिल्लीत दोन दिवस, एक विमानांना, एक लाल किल्ला आणि कुतुबमिनारला.

*

दौंडला गाडी बदलली, मनमाडला बदलली. तिथून पुढच्या गाडीत बसायला जागा मिळेना, तेव्हा बंडगर सरांनी आपल्या त्या आवाजात जाहीर करून टाकलं की आमच्याबरोबर लढाईतले पायलट आहेत. डबा एकदम हलला. खिडकीची जागा रिकामी झाली, एका सरदारजींनी संत्री सोलून दिली, एका बाईने मुलाला पाया पडायला लावलं. बिराजदार नको नको म्हणत होते, पण त्यांचं कोण ऐकतो?

डब्यातला पंखा बंद होता. भोपाळ आलं तरी बंद. खच्चून भरलेल्या डब्यात दुपारच्या उकाड्याने सगळे हैराण झाले, तेव्हा बिराजदार बाकावर चढले, खिशातून कंगवा काढला, जाळीतून पात्याला ढोसलं, कसलीशी तार दाबली आणि पंखा भन्नाट सुटला. डब्याने टाळ्या वाजवल्या. सरदारजी भारावून म्हणाले, एवढा मोठा पायलट आणि पंखासुद्धा येतो!

बिराजदार खाली उतरले, कंगवा पुसून खिशात ठेवला. "पायलटला पंखा येत न्हाय," म्हणाले. "मी मेक्यानिक हाय."

डबा जरा हिरमुसला. पण जागा कुणी परत मागितली नाही. उकाड्यात पंख्याची किंमत जास्त असते.

*

म्युझियममध्ये पहिली ओळ अगदी जुन्या विमानांची होती. दोन मजली पंखांचं एक होतं, आमच्या जन्माच्या आधीचं. मी वही काढून स्केच करायला लागलो. बंडगर सर बॉम्ब बघायला गेले आणि तो रिकामा असल्याची तीन वेळा खात्री करून मगच त्याच्याजवळ उभे राहिले.

नरसय्या त्या जुन्या विमानापुढून हलेना. दोरीवरून वाकून तो पंखाकडे अगदी नाक लावून बघत होता. मग त्याने डोळा बारीक केला आणि बोटाने हवेत काहीतरी मोजायला लागला. मी विचारलं काय मोजतोस. तो ताणा-बाणा मोजत होता. पंख कापडाचा होता! लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून, वरून रंग दिलेला. तिथल्या पाटीवरही तसंच लिहिलं होतं. नरसय्याने सांगाड्याचे सांधे बघितले, कापडाची वीण बघितली आणि माझ्याकडे अशा काही रागाने वळला की जणू माझीच चूक असावी.

"सर, लाकूड माझं. कापड माझ्या भावाचं. मग हे सोलापुरात का नाही केलं कुणी?"

मी वहीत त्या पंखाच्या चित्राखाली 'लाकूड, कापड' असं लिहून ठेवलं.

*

एकशे सत्तावीस शेवटच्या शेडमध्ये होतं. शेड पुढून उघडी, आत ऊन येणारी. विमान घासूनपुसून चकाकत होतं. भोवती दोरी, हात लावू नका अशी पाटी. दुपारचे दोन वाजले होते.

बिराजदार दोरीपाशी थांबले. विमानाकडे त्यांनी बघितलंच नाही, आधी खालची फरशी बघितली. लख्ख कोरडी. मग दोरीखालून आत शिरले, उजव्या चाकाशी वाकले, खिशातला पांढरा रुमाल पंखाच्या पोटावरून फिरवला आणि उजेडात धरला. रुमाल तसाच पांढरा.

तेवढ्यात तिथला राखणदार शिट्टी फुंकत धावत आला. खाकी स्वेटर घातलेला म्हातारा, हरिराम नावाचा. त्याने बिराजदारांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि पाटी वाचता येत नाही का म्हणून हिंदीत झापलं. बिराजदारांनी माफी मागितली.

बाहेर आल्यावर म्हणाले, उद्या सकाळी परत यायचं. बंडगर सरांनी लाल किल्ल्याची आठवण करून दिली. मी जरा समजुतीने घेतलं. म्हटलं मास्तर, आठ वर्षं झाली, आता ते उडत नाही, त्यातलं तेल काढून टाकलं असेल, कशाला जिवाला लावून घेता.

"सगळं तेल कदीच निघत न्हाय," ते म्हणाले. "तुमी किल्ला बगून या. माजं काम सकाळचंच हाय. आणि उद्या बी कोरडं असलं, तर मी सोलापुरात जाऊन सगळ्यास्नी सांगतो, माजं चुकलं, दव होतं म्हणून. पर बगितल्याबिगर न्हाय."

यावर नरसय्या म्हणाला की किल्ला कुठे पळून चाललाय. सकाळी आम्ही चौघंही निघालो. थंडी मी म्हणत होती. बंडगर सर सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन चालले होते. फाटक उघडायला अवकाश होता. बिराजदारांनी आपलं जुनं सर्व्हिस बुक पहारेकऱ्याला दाखवलं. त्याने ते उलटंपालटं करून बघितलं, सॅल्यूट ठोकला आणि आत सोडलं.

शेडमध्ये अजून ऊन पोचलं नव्हतं. हरिराम एकशे सत्तावीसच्या पोटाखाली आडवा झाला होता आणि तिथून काहीतरी ओढून काढत होता. आमची चाहूल लागताच दचकून उठला आणि हातातली वस्तू पाठीमागे लपवली. बिराजदारांनी नुसता हात पुढे केला. हरिरामने नाइलाजाने दिली. पत्र्याचा पसरट ट्रे होता. त्यात चमचाभर काळपट तेल.

आम्ही ट्रेकडे बघत होतो तेवढ्यात नरसय्याने माझा दंड दाबला. पंखाच्या पोटाला, उजव्या चाकाच्या बरोबर वर, एक थेंब धरत होता. मोठा झाला, लोंबला, आणि फरशीवर पडला.

हरिरामला वाटलं आम्ही तपासणीला आलोय. तो हात जोडून गयावया करायला लागला. साहेब, रोज संध्याकाळी ट्रे ठेवतो, रोज सकाळी लोक यायच्या आत काढतो, फरशी पुसतो. ऊन आलं की हे आपोआप बंद होतं. वरच्यांना मी तीन वेळा सांगितलं. ते अकराला येतात, बघतात आणि म्हणतात कुठाय? आता बाकीचे माझी टिंगल करतात, म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणतात.

बिराजदार मटकन खाली बसले, त्या गार फरशीवर. ट्रे मांडीवर. हरिराम घाबरून त्यांच्याशेजारी बसला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. नरसय्या तिकडे तोंड करून उभा राहिला.

"मास्तर," बंडगर सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "चुकलं आमचं."

बिराजदारांनी नुसती मान हलवली. ते हरिरामकडे बघत होते.

निघताना दाराशी अभिप्रायाची वही होती. बंडगर सरांनी लई झकास असं लिहिलं. नरसय्याने नाव, गाव आणि कापडाबद्दल दोन ओळी लिहिल्या. मी विशेषणं वापरली. मग बिराजदारांनी पेन घेतलं, चष्मा लावला, आणि स्वच्छ अक्षरात विमानाचा नंबर लिहिला, तारीख आणि वेळ लिहिली, आणि पुढे लिहिलं: उजव्या चाकाच्या वर गळती आहे, उडवू नये. खाली सही केली, सहीखाली कॉर्पोरल लिहिलं.

आणि वही मिटली नाही. पेन हरिरामपुढे धरलं. काय लिहिलंय ते हरिरामने हिंदीत समजून घेतलं, एकदा शेडकडे बघितलं, स्वेटरला हात पुसले, आणि त्या सहीखाली आपली सही केली.